पंचवीस मिनिटं

पहाटे पाचला मी बूट बांधते
तेव्हा हलक्या साखळीसकट उभा राहतो.
पाच महिन्यांचा. बत्तीस किलो.
पंजे असे, की थोरल्या भावाचे जोडे घालून
शाळेत आलेलं पोट्टं.
आई डेन होती म्हणतात,
बाप कोण ते कोणी सांगत नाही.
मामानं आणला तेव्हा संत्र्याच्या कॅरेटात झोपला होता;
आता त्याच कॅरेटात नुसतं डोकं ठेवतो
नि बाकीचा बाहेर सांडतो.

नाव बाबांनी ठेवलं, थट्टेनं.

रोही बागेत शिरतात, डुकरं आळी उकरतात,
म्हणून बाबांना तो आत्ताच मोठा पाहिजे.
"पयव न त्याले गाडीमांगं,
दमला म्हंजे झोपन. हाडं पक्की होतीन."

उईके डॉक्टरांनी माझी बोटं धरून
त्याच्या पुढच्या पायावर ठेवली, मनगटाशी.
"ही फुगोटी लागते न हाताला? हाड इथूनच वाढते.
आत्ता आत ओला खडू आहे समज.
ट्रॉलीवरून उडी नको. जिना नको.
डांबरी रस्त्यानं पळवणं तर नकोच, दीड वर्षं तरी.
जितके महिने, तितके पाच मिनिटं चालव.
बाकी वावरात सोड, त्याचा तो खेळन,
त्याचा तो बसन.
अन् भाकरी कमी. बरगडी हाताला लागली पाहिजे,
डोळ्याला नाही."

मी हिशेब केला. पंचवीस.

मग घरी येताना, मोटरसायकलवर,
माझी डावी नडगी आपोआप आठवली.
चौदाची होते. तालुक्याला पहिली आले होते,
मोर्शी रोडवर अनवाणी, रोज सहा किलोमीटर,
नि सर सायकलवरून ओरडायचे,
दुखतं म्हणजे वाढतंय.
अमरावतीच्या फोटोत केसाएवढी चीर निघाली.
सर बघायला आले, बिस्किटाचा पुडा घेऊन.
चीर बुजली.
थंडीत अजून बोलते.

बाबांना मी हे सांगितलं नाही.
फक्त गाडीची किल्ली
माझ्या ट्रॅकपँटच्या खिशात ठेवायला लागले.

आता असं आहे:
पहाटेचे आठशे मीटर माझे.
भरतीला चार महिने राहिलेत.
तो रडतो, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा,
मी कान आवळून धावते
नि घड्याळ बघत नाही त्या रडण्याकडे.

परत आले की त्याची पंचवीस मिनिटं.
धुऱ्याधुऱ्यानं, मातीवरून.
उन्हं तापायच्या आत; उलटा हात जमिनीला टेकवून बघते,
माझ्या हाताला सोसलं तर त्याच्या पंजाला सोसेल.
आंबिया फुललाय, मधमाश्यांना तो दचकतो.
साखळी ताणली की मी झाड होते.
ढिली झाली की चालायला लागते.
पहिल्या आठवड्यात आम्ही पंपघरापर्यंतही पोचलो नाही.
शेजारच्या चौधरीकाकू म्हणाल्या,
"कुत्र्याले फिरवून रायली का खांबाले?"

"थांब" तो शिकला शेंगदाण्यावर.
आधी एक श्वास, मग दोन.
काल पऱ्हाटीच्या ढिगातून ससा सुटला.
हलक्याचं सगळं अंग पुढं गेलं
नि पाय तिथंच राहिले.
थरथरत होता.
मीच जास्त.

आज एकोणिसाव्या मिनिटाला
तो सुकलेल्या शेणाच्या पोवटीपाशी बसला,
हुंगत, हुंगत, जसं पोस्टानं आलंय काही.
घड्याळ पुढं गेलं. बाविसावं. तेविसावं.
लांबून बाबा येताना दिसले, कुदळ खांद्यावर.
मला वाटलं आता विचारतील, हा पळनार कधी.
ते उकिडवे बसले त्याच्यासमोर,
पुढचा पाय हातात घेतला,
अंगठ्यानं ती फुगोटी चाचपली.

"ओला खडू," म्हणाले.

डॉक्टरकडे तर मी एकटीच गेले होते.